आनुवंशिकता शिकवायची? आधी पानं मोजा, मेंडेल नंतर

सहावी ते आठवीच्या वर्गात आनुवंशिकतेचा पाठ बहुतेक वेळा एकाच वाटेनं जातो. "कोणाकोणाला जीभ गुंडाळता येते? हात वर करा." मग गालावरची खळी, मग कानाची पाळी, मग फळ्यावर चार घरांचा चौकोन आणि तीनास एक हे गुणोत्तर. मुलांना मजा येते, स्वाध्यायही बरोबर येतो. दोन महिन्यांनी विचारलं तर डोक्यात उरलेलं असतं ते असं: प्रत्येक गुणामागे एक जनुक असतं, प्रभावी असतं ते जिंकतं, आणि चार भावंडं असतील तर त्यांतलं एक वेगळं निघतं. तिन्ही वाक्यं चुकीची आहेत आणि तिन्ही त्याच तासाला रुजलेली आहेत.

म्हणून इथे क्रम उलटा घेतला आहे. आधी फरक मोजायचे, मग ते कुठून आले असतील यावर डोकं चालवायचं, मग नाणी उडवायची आणि चौकोन सगळ्यात शेवटी काढायचा. चाळीस मिनिटांच्या पाच तासिका धरा. डीएनए काढण्याचा प्रयोग करायचा असेल तर सहा.

काय टाळायचं, आणि का

जीभ गुंडाळणं हा एका जनुकाचा गुण आहे असं अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ अल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी 1940 मध्ये मांडलं. 1952 मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या 33 जोड्या तपासल्या गेल्या. त्यांपैकी 7 जोड्यांत एकाला जीभ गुंडाळता येत होती, दुसऱ्याला येत नव्हती. जनुकं तीच असून हा फरक, म्हणजे 'एक जनुक' ही कल्पना टिकत नाही. स्टर्टेव्हंट यांनी स्वतःच पुढे ती सोडून दिली. पाठ्यसाहित्यानं मात्र सोडली नाही. कानाच्या पाळ्यांचंही तेच. 'सुटी' आणि 'चिकटलेली' असे दोन गट पाडायला बसलात की निम्म्या वर्गाची पाळी मधलीच कुठलीतरी निघते, कारण तिच्या आकारामागे बरीच जनुकं आहेत. डोळ्यांच्या रंगामागेही अनेक जनुकं असतात. निळ्या डोळ्यांच्या दोन पालकांना तपकिरी डोळ्यांचं मूल होऊ शकतं.

हे नुसतं शास्त्रीय काटेकोरपणाचं प्रकरण नाही. "तुझी पाळी सुटी, आई-बाबा दोघांची चिकटलेली, असं होऊच शकत नाही" हे वाक्य एखाद्या मुलानं घरी नेलं तर त्याचा काय अर्थ काढला जाईल याचा विचार करा. त्यामुळे 'आपल्या घरच्यांचे गुण लिहून आणा' हा गृहपाठ देऊ नका. वर्गात दत्तक मुलं असतात, सावत्र पालक असतात, एकाच पालकाजवळ वाढणारी मुलं असतात, आणि ज्यांना ही गोष्ट अजून माहीतच नाही अशीही असतात. घरच्यांचे रक्तगट गोळा करणं तर पूर्ण वर्ज्य. वंशवृक्ष हवाच असेल तर काल्पनिक कुटुंबाचा किंवा मांजरांचा घ्या.

मुलांची उंची, वजन, त्वचेचा रंग हेही फळ्यावर आणू नये. मोजायला जगात पानं पुष्कळ आहेत.

आठवडाभर आधी: अंधारातली रोपं

याला सात-आठ दिवस लागतात, म्हणून पहिल्या तासिकेच्या आठवडाभर आधी सुरू करा. मूग किंवा घेवड्याच्या एकाच पुडीतल्या 40 बिया घ्या, रात्रभर भिजवा. तळाला भोकं पाडलेले चार पेले, प्रत्येकात सारखीच माती, दहा-दहा बिया, साधारण दोन सेंटिमीटर खोल. दोन पेले उजेडात ठेवा, दोन पुठ्ठ्याच्या खोक्यात. खोक्याच्या फटी काळ्या कागदानं बुजवा. सगळ्यांना पाणी सारखंच, पेल्याला दिवसाआड दोन-तीन चमचे.

बिघडतं ते तीन ठिकाणी. पाणी जास्त झालं की बिया कुजतात आणि वास सुटतो. खोक्यातली माती उशिरा वाळते, त्यामुळे तिथे हे आधी होतं. मुलं दर मधल्या सुट्टीत खोकं उघडून बघतात आणि रोपं थोडी हिरवी होतात. तिसरी अडचण समजुतीची आहे: अंधारातली रोपं उजेडातल्यांपेक्षा उंच असतात. पिवळट-पांढुरकी, बारीक, वाकलेली, पण उंच. "म्हणजे अंधारात वाढ चांगली होते" असं कोणीतरी म्हणणारच. त्याला लगेच खोडू नका. पानांचा आकार, खोडाची जाडी, रंग हे तिघांकडून वेगवेगळं नोंदवून घ्या. रोप उजेडाच्या शोधात साठवलेलं अन्न खर्चून नुसतं लांबतंय, हे नोंदींवरून मुलांच्याच लक्षात येतं.

पहिल्या तासिकेच्या दिवशी खोक्यातला एक पेला बाहेर काढून उजेडात ठेवा आणि दुसरा आतच राहू द्या. एक-दोन दिवसांत बाहेरची पानं हिरवी होतात. हा पेला दुसऱ्या तासिकेला लागणार आहे.

पहिली तासिका: एकाच झाडाची साठ पानं

साधी पानं असलेलं झाड निवडा. संयुक्त पानांचं (एका देठावर अनेक छोट्या पर्णिका असलेलं) झाड घेतलंत तर अर्धा वर्ग पर्णिका मोजेल, अर्धा अख्खं पान, आणि आलेख दोन टेकड्यांचा होईल. पानं मुलांना तोडायला सांगाल तर ती मोठी, सुंदर, न फाटलेली पानंच आणतात. तेव्हा नियम आधीच ठरवा: फांदीच्या टोकाची कोवळी पालवी सोडायची, आणि तिथून खाली दर तिसरं पान घ्यायचं, जसं असेल तसं. निम्मी पानं उन्हाच्या बाजूची, निम्मी आतल्या सावलीतली. देठाला खूण करून दोन्ही गठ्ठे वेगळे ठेवा.

लांबी मोजायची ती पात्याच्या तळापासून टोकापर्यंत, देठ सोडून, मिलिमीटरमध्ये. मोजपट्टीचं शून्य टोकाला नसून थोडं आत असतं, ही चूक दरवर्षी होते. सुरुवातीला एकच पान चार गटांत फिरवा. चार आकडे वेगळे येतील, दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे. हा फरक मोजणाऱ्याचा, पानाचा नव्हे. तो आधी दिसला म्हणजे पुढे दोन मिलिमीटरच्या फरकावर कोणी वाद घालत बसत नाही.

आता फळ्यावर आलेख. प्रत्येक पानासाठी एक छोटी चिकटपट्टी, तिच्यावर लांबी लिहिलेली. उन्हाची पानं एका रंगात, सावलीची दुसऱ्या. पानं 6 ते 14 सेंटिमीटरच्या दरम्यान असतील तर एक-एक सेंटिमीटरची घरं करा, आठ-नऊ स्तंभ मिळतात. दोन मिलिमीटरची घरं केलीत तर चाळीस स्तंभ होतात आणि आलेख दात पडलेल्या कंगव्यासारखा दिसतो. चार-चार सेंटिमीटरची केलीत तर दोनच ठोकळे उरतात. शक्य असेल तर हे तिन्ही प्रकार मुलांनाच करून पाहू द्या, पट्ट्या हलवायला पाच मिनिटं पुरतात.

मधे फुगलेला, दोन्हीकडे उतरणारा आकार साधारण दिसू लागतो. बहुतेक झाडांत सावलीची पानं मोठी आणि पातळ असतात, उन्हाची लहान आणि जाड, त्यामुळे एक रंग उजवीकडे सरकलेला दिसेल. सरकला नाही तर झाड फार दाट नव्हतं एवढाच अर्थ घ्या आणि पुढे चला.

मग प्रश्न विचारा: या सगळ्या पानांतली जनुकं वेगळी आहेत का?

वर्गातले बरेच हात 'हो' म्हणून वर जातात. अख्खं झाड एका बीपासून वाढलं, म्हणजे पानापानांत जनुकं तीच, हे कोणीतरी बोलेपर्यंत थांबा. (झाड कलमी असेल तर फांदी एकाची, मूळ दुसऱ्याचं, पानं एकाच फांदीची घेतलीत की तो गुंता टळतो.) पाठाचा पहिला धडा हाच: फरक दिसला म्हणजे जनुकं वेगळी, असं नसतं.

दुसरी तासिका: पत्त्यांची वाटणी

प्रत्येक गटाला बारा पत्ते द्या. प्रत्येकावर एकेक गोष्ट: रक्तगट, गुडघ्यावरचा व्रण, बोलायची भाषा, उंची, रंगवलेले केस, व्यायामानं कमावलेले दंड, उन्हानं रापलेली कातडी, सायकल चालवता येणं, वाटाण्याच्या बीचा आकार, रोहित पक्ष्याचा गुलाबी रंग, अंधारातल्या रोपाचा पिवळेपणा, सयामी मांजराचे काळे कान. ढीग तीन करायचे: जन्मजात मिळालेलं, नंतर आलेलं, दोन्हींचं मिळून.

पहिल्या दहा मिनिटांत पहिले दोन ढीग मोठे असतात. तिसरा वाढवणं हेच या तासिकेचं काम. कोणती भाषा बोलतो हे आजूबाजूच्यांवरून ठरतं, पण भाषा शिकता येण्याची क्षमता जन्मजात. उन्हात राहिलं तर कातडी रापते, पण किती रापते ते जनुकांवर. रोहित पक्ष्याचा गुलाबी रंग त्याच्या खाण्यातल्या रंगद्रव्यांतून येतो, पण तेच खाऊ घातलं म्हणून कावळा गुलाबी होणार नाही.

सयामी मांजरावर जरा रेंगाळा. काळं रंगद्रव्य तयार करणारं तिचं विकर (शरीरातली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) उष्णतेत काम करत नाही. अंगाच्या मधल्या, गरम भागात ते बंद पडतं आणि केस फिकट येतात. कान, नाकाचा शेंडा, पंजे, शेपूट हे भाग थोडे थंड असतात, तिथे ते चालतं आणि केस गडद येतात. पिल्लं जन्मतात तेव्हा अंगभर फिकट असतात, कारण आईच्या पोटात सगळीकडेच ऊब. आता खोक्यातून काढलेला पेला समोर ठेवा. हिरवं होण्याची सोय बियांत आधीपासून होतीच, अडलं होतं उजेडापाशी.

याच तासिकेत आपली भाषा आडवी येते, तिलाही धरून घ्या. 'गाणं त्याच्या रक्तातच आहे', 'पोरगी आजीच्या वळणावर गेली', 'खाण तशी माती' असं आपण सहज बोलून जातो, आणि या बोलण्यात शरीर, सवय आणि संगोपन एकाच पोत्यात भरलेलं असतं. मुलं 'रक्तातून गुण येतात' हे शब्दशः घेतात. साधा प्रश्न पुरतो: एखाद्याला दुसऱ्याचं रक्त चढवलं तर तो त्या माणसासारखा दिसायला लागेल का? मग सांगा की पुढच्या पिढीत जातात ती फक्त अंडपेशी आणि शुक्रपेशी, त्यांच्यातल्या गुणसूत्रांसकट, म्हणजे जनुकं वाहून नेणाऱ्या डीएनएच्या धाग्यांसकट.

दंडाच्या पत्त्यावर कोणीतरी विचारेलच की कमावलेली ताकद मुलांना मिळते का. जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांनी उंदरांच्या शेपट्या पिढ्यान् पिढ्या कापून पाहिल्या. शेपट्या कापलेल्या आई-बापांना पाच पिढ्यांत 901 पिल्लं झाली, एकही आखूड शेपटीचं नव्हतं.

तिसरी तासिका: दोन नाणी

अख्ख्या पाठातला सगळ्यात अवघड भाग हा, आणि तो जीवशास्त्राचा कमी, शक्याशक्यतेचा जास्त आहे. वेळ इथे खर्च करा.

प्रत्येक जोडीला दोन नाणी. प्रत्येक नाण्याच्या एका बाजूला ● असलेली चिकटपट्टी, दुसऱ्या बाजूला ○. एक नाणं म्हणजे आईकडची जोडी, दुसरं म्हणजे बाबांकडची; दोन्ही वेगवेगळ्या रंगांच्या कागदानं ओळखू येऊ द्या. उदाहरण मात्र वाटाण्याचं: ● म्हणजे गोल बी देणारं रूप, ○ म्हणजे सुरकुतलेली बी देणारं. भरीव आणि पोकळ वर्तुळ वापरण्याला कारण आहे. रोमन लिपीतली मोठी-लहान अक्षरं वापरली तर सी, एस, डब्ल्यू यांची दोन्ही रूपं हस्ताक्षरात सारखीच दिसतात आणि उत्तरपत्रिका वाचवत नाहीत. दोन वेगळी अक्षरं घेतली तर मुलांना ती दोन वेगळी जनुकं वाटतात. एकच वर्तुळ, कधी भरीव कधी पोकळ, यात 'एकाच जनुकाची दोन रूपं' हे डोळ्यांनाच कळतं.

दोन्ही नाणी एकदम, बुटाच्या खोक्याच्या झाकणात उडवा, नाहीतर निम्मा वेळ बाकाखाली नाणी शोधण्यात जातो. पडलेली जोडी लगेच लिहायची, मगच पुढची फेक. दहा फेका म्हणजे दहा बिया. एक जरी ● असेल तर बी गोल, दोन्ही ○ असतील तरच सुरकुतलेली.

सुरू करण्याआधी स्पष्ट सांगा की 'बरोबर उत्तर' असं काही नाही. हे सांगितलं नाही तर हुशार मुलं पुस्तकातलं गुणोत्तर जुळेपर्यंत खोडरबर चालवतात. वीस जोड्या असतील तर 200 बिया होतात. दहा फेकांत एकही सुरकुतलेली बी न येण्याची शक्यता साडेपाच टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे वीस जोड्यांत एखाद्या जोडीला शून्य येणं अगदी अपेक्षित आहे. दुसऱ्या कोणाला पाचही येतील. त्या दोन जोड्यांना पुढे बोलावून त्यांचे आकडे शेजारी-शेजारी लिहा, आणि मग सगळ्या वर्गाची बेरीज करा. 200 पैकी अपेक्षा 50 ची. 38 ते 62 च्या बाहेर आकडा गेला तर नाणी किंवा नोंदी तपासायला हरकत नाही.

इथे एक गोंधळ हमखास होतो. मुलांना वाटतं ● प्रभावी आहे म्हणून तेच जास्त वेळा पडणार. हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि फळ्यावर वेगवेगळे लिहावेत. पहिला: कोणतं रूप पुढे दिलं गेलं? ते नाणं ठरवतं, आणि नाण्याला प्रभावी-अप्रभावी काही कळत नाही. दुसरा: दोन रूपं एकत्र आल्यावर दिसतं काय? प्रभावीपणाचा संबंध फक्त या दुसऱ्याशी.

मग चार-चार बियांचे गट करायला सांगा. चार बियांत नेमकं तीन गोल आणि एक सुरकुतलेली येण्याची शक्यता 256 पैकी 108, म्हणजे सुमारे 42 टक्के. चारही गोल 81 वेळा, दोन-दोन 54 वेळा, एक गोल आणि तीन सुरकुतलेल्या 12 वेळा, चारही सुरकुतलेल्या एकदा. निम्म्याहून जास्त 'कुटुंबांत' तीनास एक दिसतच नाही. प्रत्येक फेक नव्यानं होते. आधीच्या तीन बिया गोल निघाल्या म्हणून चौथीवर कसलाही दबाव येत नाही.

मेंडेलचे खरे आकडे

नाणी झाल्यावरच ग्रेगोर मेंडेल यांना, म्हणजे आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मठवासी धर्मगुरूंना, वर्गात आणा. 1856 ते 1863 या काळात त्यांनी वाटाण्यावर प्रयोग केले, निबंध 1866 मध्ये छापून आला, 1884 मध्ये ते वारले, आणि कामाची खरी दखल घेतली गेली ती 1900 मध्ये. एवढा इतिहास पुरे. खरी गंमत त्यांच्या नोंदींत आहे. बीच्या आकाराच्या प्रयोगात एकूण 7,324 बिया: 5,474 गोल, 1,850 सुरकुतलेल्या. गुणोत्तर 2.96 ला 1. पण पहिल्या दहा झाडांचे वेगवेगळे आकडे मुलांपुढे ठेवा, गोल आधी:

45 आणि 12, 27 आणि 8, 24 आणि 7, 19 आणि 10, 32 आणि 11, 26 आणि 6, 88 आणि 24, 22 आणि 10, 28 आणि 6, 25 आणि 7.

प्रत्येक गटानं दोन झाडांचं गुणोत्तर काढायचं. कुठे दुपटीहून कमी, कुठे साडेचार पटींहून जास्त. दहांची बेरीज 336 आणि 101. मेंडेल यांनी टोकाची झाडंही लपवली नाहीत: एकावर 43 गोल आणि फक्त 2 सुरकुतलेल्या, दुसऱ्यावर 14 गोल आणि 15 सुरकुतलेल्या. मुलांच्या वहीतल्या वेड्यावाकड्या आकड्यांना इथे सोबत मिळते.

'प्रभावी' म्हणजे काय, हे सांगायलाही हाच वाटाणा घ्या. गोल बीच्या जनुकावरून एक विकर तयार होतं, ते पिष्टमय पदार्थाच्या साखळ्यांना फांद्या फोडतं. दुसऱ्या रूपात त्या जनुकाच्या मधे डीएनएचा सुमारे 800 अक्षरांचा आगंतुक तुकडा घुसलेला आहे, त्यामुळे विकर धड बनत नाही. पिष्ट कमी होतं, साखर साठते, साखरेमुळे कोवळी बी जास्त पाणी ओढून फुगते, आणि वाळताना ते पाणी गेलं की साल सैल पडून सुरकुत्या येतात. एक चालू प्रत असली तरी विकर पुरेसं तयार होतं, म्हणून बी गोल. प्रभावी रूप 'बलवान' नसतं, त्याची एक प्रत काम भागवते एवढंच. दोन वाळक्या बिया, एक गोल आणि एक सुरकुतलेली, बोटांत धरून बघायला दिल्या तर हे सगळं लक्षात राहतं.

प्रभावी म्हणजे जास्त आढळणारं, हा गैरसमजही इथेच काढा. हातापायाला जादा बोट असणं अनेकदा प्रभावी रूपामुळे येतं, तरी ते विरळाच दिसतं. 'ओ' रक्तगट अप्रभावी, तरी कितीतरी ठिकाणी तोच सगळ्यात जास्त आढळतो.

आता चौकोन. ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांचा हा चौकोन म्हणजे दोन नाण्यांच्या चार शक्यता मांडायची सोय, बाकी काही नाही. घरांच्या बाहेर एकेकच वर्तुळ लिहायचं, कारण पालक एकच देतो. मुलं तिथे जोडी लिहितात आणि पूर्ण चौकोन बिघडतो. चार घरं म्हणजे चार मुलं नव्हेत, प्रत्येक मुलाच्या वेळच्या चार शक्यता, हे वाक्य चौकोनाखाली लिहून घ्या. जनुकप्ररूप (आत कोणती जोडी आहे), दृश्यरूप (बाहेर काय दिसतं) हे शब्द याच वेळी द्या, आधी नको.

चौथी तासिका: सहा नाणी

पानांच्या आलेखाकडे परत या. एक जनुक दोनच गट देतं, मग मधे फुगलेला उतार येतो कसा?

प्रत्येकाला सहा नाणी: तीन जनुकं, प्रत्येकाची दोन रूपं. एका झाडाची उंची 20 सेंटिमीटरपासून सुरू होते आणि प्रत्येक ● मुळे 5 सेंटिमीटर वाढते असं माना. फेकायचं, ● मोजायची, उंची लिहायची. 32 मुलांनी दोन-दोनदा केलं की 64 झाडं, आणि अपेक्षित आकडे 1, 6, 15, 20, 15, 6, 1. तुमच्या वर्गाचे नेमके हेच येणार नाहीत, पण टेकडीचा आकार येतो. यानंतर प्रत्येकानं एक फासा टाकून मिळालेल्या आकड्याइतके सेंटिमीटर उंचीत मिळवायचे. हे पाणी, ऊन, माती यांचं योगदान. पायऱ्या बुजतात आणि उतार सलग होऊ लागतो. माणसाच्या उंचीत तीन जनुकं नसून डीएनएवरची हजारो ठिकाणं थोडाथोडा हात लावतात, हे सांगायची योग्य वेळ हीच.

पाचवी तासिका: फेरफार आणि पिसणी

नवे फरक येतात ते डीएनएची नक्कल होताना झालेल्या बदलांतून, म्हणजे उत्परिवर्तनातून. हा शब्द ऐकला की मुलांच्या डोळ्यांपुढे राक्षस उभे राहतात. वाटाण्यातला घुसलेला तुकडा आठवून द्या. बहुतेक बदलांचा काहीच परिणाम दिसत नाही, काही घातक ठरतात, थोडे उपयोगी पडतात, आणि गरज आहे म्हणून कुठलाही बदल घडून येत नाही.

जुन्या फरकांची नवी जुळणी होते ती पिसणीतून. लाल आणि निळ्या पत्त्यांच्या तीन जोड्या द्या, प्रत्येक जोडीतला एकच पत्ता उचलायचा. वेगवेगळे संच किती? आठ. माणसात 23 जोड्या, म्हणजे 83,88,608. दोन पालकांचे संच एकत्र आले की 70 लाख कोटींहून जास्त. शिवाय जोडीतली गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात ते वेगळंच. आणि तरीही कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे 99.9 टक्के सारखा. जवळपास 300 कोटी अक्षरांत 30 लाखांच्या आसपास फरक.

मुलगा की मुलगी हा प्रश्न इथे निघेलच. आईकडून एक्स गुणसूत्रच येतं. वडिलांकडून एक्स येतं की वाय, त्यावर ठरतं. दोन वाक्यांत सांगा, पण सांगाच. या बाबतीत आईला दोष देणं अजून थांबलेलं नाही.

डीएनए काढायचा असेल तर

हा प्रयोग मुलांना फार आवडतो. त्यातून आनुवंशिकतेबद्दल जवळपास काहीच कळत नाही, म्हणून तो शेवटी. पण डीएनए ही हाताला लागणारी वस्तू आहे एवढं पटतं, तेही थोडं नाही.

दहा गटांना मिळून द्रावण: 90 मिलिलिटर पाणी, 10 मिलिलिटर भांडी घासायचा पातळ साबण, अर्धा चमचा मीठ. फेस न आणता ढवळा. प्रत्येक गटाला पिकलेली एक स्ट्रॉबेरी, हिरवा भाग काढून. स्ट्रॉबेरीच घ्यायची, कारण तिच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात. केळंही चालतं, धागे थोडे कमी दिसतात. बंद होणाऱ्या पिशवीत फळ दोन मिनिटं चुरा, 10 मिलिलिटर द्रावण घाला, आणखी एक मिनिट हलक्या हातानं चुरा. पातळ कापडातून गाळा. गाळलेलं पाणी परीक्षानळीत दोन-तीन मिलिलिटर घ्या. नळी तिरपी धरून, काचेवरून ओघळत, त्याच्या दुपटीइतकं बर्फगार आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा, 90 टक्क्यांच्या वरचं. नळी स्टँडवर ठेवा आणि तीन ते पाच मिनिटं हात लावू नका.

दोन थरांच्या सीमेवर आधी बारीक बुडबुडे दिसतात, मग त्यांना धरून ढगासारखं पांढुरकं काहीतरी वर चढतं. लाकडी काडीवर गुंडाळलं तर शेंबडासारखी तार येते. (मुलं हाच शब्द वापरतील, वापरू द्या.) साबणानं पेशीची स्निग्ध आवरणं फोडली, मिठानं डीएनएवरचा ऋण भार झाकला, आणि अल्कोहोलमध्ये तो विरघळत नसल्यानं गोळा होऊन बाहेर आला. दिसतोय तो असंख्य रेणूंचा गुंता, सोबत थोडी प्रथिनं आणि फळातलं पेक्टिन. एकटा रेणू दोन नॅनोमीटर रुंद, त्याची प्रसिद्ध पीळदार शिडी इथे दिसणार नाही हे आधीच सांगा, नाहीतर भिंगं निघतात.

धागे आले नाहीत तर क्रमानं तपासा: अल्कोहोल पुरेसं थंड नव्हतं, ते धबकन ओतल्यानं थर मिसळले, फेस फार झाला, किंवा 70 टक्क्यांचं अल्कोहोल वापरलं. हात स्वच्छ करायचं जेल चालत नाही, त्यात घट्ट करणारे पदार्थ असतात. खोलीत ज्योत नको, खिडक्या उघड्या, डोळ्यांवर चष्मे, आणि उरलेल्या फळांना कोणी तोंड लावायचं नाही.

समजलं का, ते कसं बघायचं

चौकोन भरायला देऊन काही कळत नाही. तो पाढ्यासारखा पाठ होतो. त्याऐवजी असं विचारा. दोन गोल बियांच्या झाडांच्या संकरातून आलेल्या पहिल्या तीन बिया गोल आहेत, चौथी कशी असेल? इथे 'सुरकुतलेली' हे उत्तर आलं तर तिसरी तासिका परत घ्या. 'आधी त्या दोन झाडांत ○ आहे का ते सांगा' असं उलट विचारणाऱ्याला सगळं समजलंय. एकसारख्या जुळ्या बहिणींपैकी एकीची उंची तीन सेंटिमीटर जास्त आहे, कारणं सुचव. अंधारात वाढलेल्या पिवळ्या रोपाला पुन्हा उजेडात नेऊन बिया आल्या, त्या बिया उजेडात पेरल्या तर रोपं कोणत्या रंगाची?

या शेवटच्या प्रश्नाला 'थोडी पिवळट' असं लिहिणारे चार-पाच जण निघतातच. त्यांना वाइसमानचे उंदीर आठवून द्या आणि खोक्यातून काढलेला तो पेला खिडकीतच राहू द्या. घेवडा लावला असेल आणि पुढे मोठ्या कुंडीत हलवलात तर दोन-तीन महिन्यांत शेंगा धरतात, बिया पेरून उत्तर त्यांचं त्यांनाच बघता येतं.